डायरीत मी माझ्याच बहिणीची ओळख कोणाला करून दिली?

शाईडाग
अकरा वर्षं डायरी लिहितेय. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. आजवर कोणाला दाखवलेली नाही, दाखवणारही नाही. वह्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या स्वेटरांखाली असतात. त्यामुळे लेखक स्वतःसाठी लिहितो की वाचकांसाठी, असा वाद कुठे निघाला की मी ठासून सांगायचे, बाकीच्यांचं मला माहीत नाही, मी तरी स्वतःसाठीच लिहिते.

परवा एक जुनी वही चाळताना हे वाक्य दिसलं: "आज नीलूशी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीशी, पुन्हा त्याच विषयावरून वाजलं."

म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीशी! नीलू कोण हे मला माहीत नाही का? लग्न होईपर्यंत एका खोलीत राहिलोय आम्ही. मग ही ओळख मी कोणाला करून देत होते? पुढच्या पानावर आणखी गंमत. "मी खूप चिडले" हे खोडून त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, "मला राग आला, पण तो तिच्यावरचा नव्हता." अर्थ फारसा बदललेला नाही, वाक्य तेवढं देखणं झालंय. जे कोणी वाचणारच नाही ते मी सजवत का बसले होते?

तेव्हापासून डोक्यात हाच भुंगा. स्वतःसाठी लिहिणं असं खरंच काही असतं का? जे लिहितात त्यांनी कृपया खरं सांगा.

रिकामपण_अधिकारी
नीलूताई, ओळख झाली, बरं वाटलं. तो 'त्याच विषयावरून' मधला विषय कोणता तेवढं सांगितलंत की चर्चा पुढे नेता येईल.

शाईडाग
विषय वहीत आहे आणि वही स्वेटरांखाली आहे :)

पहिला_पाऊस
माझं मत सरळ आहे. लिहिताना फक्त स्वतःसाठी. लिहून झाल्यावर लोकांसाठी. कविता उतरत असताना समोर कोणी आहे असा विचार जरी आला तरी ती मरते. पहिली ओळ तर कुठून येते तेही कळत नाही, त्यात वाचक कुठून आणायचा? 'स्वान्तःसुखाय' म्हणतात ते हेच. तुलसीदासांनी एवढं अजरामर काव्य लिहिलं ते स्वतःच्या सुखासाठीच की.

वापरापूर्वी_वाचा
यंत्रांसोबत येणाऱ्या सूचना-पुस्तिका लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कायद्याने ती पुस्तिका खोक्यात असावीच लागते आणि ती कोणीही उघडत नाही. सबब, या धाग्यावर निखळ स्वतःसाठी लिहिणारा लेखक मी एकटाच. "उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये" हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या लयींत लिहिलंय की आता त्याची गझल होईल.

रिकामपण_अधिकारी
गझल होऊ द्या. मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, तुमचं नाव गुंफा आणि वॉरंटी संपल्याचा उल्लेख करा.

कातळकोरा
पहिला_पाऊस, 'स्वान्तःसुखाय' हा शब्द एवढा वापरला जातो, पण 'रामचरितमानसा'च्या बालकांडातला तो श्लोक पुरा कोणी म्हणत नाही. "स्वान्तःसुखाय तुलसी रघुनाथगाथा, भाषानिबन्धमतिमञ्जुलमातनोति." स्वतःच्या अंतःकरणाच्या सुखासाठी तुलसी ही गाथा रचतो, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण कशात रचतो? 'भाषे'त, म्हणजे लोकांच्या बोलीत. आणि कशी? अतिमंजुळ. १५७४ च्या सुमारास हे काम हाती घेणाऱ्या त्या माणसाला उत्तम संस्कृत येत होतं, हा श्लोकच संस्कृतात आहे. निव्वळ स्वतःच्या सुखाचा प्रश्न असता तर बोलीत उतरायचं कारण काय होतं?

बरं, त्याच बालकांडात थोडं पुढे गेलं की तेच तुलसीदास म्हणतात, जाणत्यांनी ज्या रचनेचा आदर केला नाही ती म्हणजे पोरकट कवीचे वाया गेलेले श्रम. आणि कीर्ती, कविता, संपत्ती तीच चांगली जी गंगेसारखी सगळ्यांच्या हिताची असते. म्हणजे एकाच माणसाने, एकाच ग्रंथात, काही पानांच्या अंतराने आधी 'माझ्यासाठी' म्हटलंय, मग 'जाणत्यांसाठी' आणि मग 'सगळ्यांसाठी'. मला यात विसंगती दिसत नाही. दिसतो तो प्रामाणिकपणा, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात ही तिन्ही माणसं एकदमच बसलेली असतात.

मम्मटाने 'काव्यप्रकाश' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात काव्याची प्रयोजनं सांगितली तेव्हा तर आडपडदाच ठेवला नाही. पहिलं प्रयोजन यश, दुसरं पैसा. "काव्यं यशसेऽर्थकृते" अशीच सुरुवात आहे. आनंदाचा नंबर त्यानंतर लागतो.

पहिला_पाऊस
तुलसीदासांचा मुद्दा मान्य, पुढचं मी वाचलं नव्हतं. पण मम्मट शास्त्रकार. काव्य बाहेरून बघणाऱ्याला यश आणि पैसाच दिसणार. आतून जो अनुभव येतो त्याचं काय?

मुद्रितशोधक_निवृत्त
चौतीस वर्षं प्रुफं तपासली. खिळे जुळवण्याच्या काळात सुरुवात केली, संगणक आल्यावर संपवली. शेकडो लेखकांची हस्तलिखितं हाताखालून गेली, त्यावरून दोन गोष्टी सांगतो.

एक कवी होते, नाव सांगत नाही. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं की ही कविता माझा माझ्याशी चाललेला संवाद आहे, ती कोणापर्यंत पोचावी अशी अपेक्षा नाही. त्या प्रस्तावनेची प्रुफं त्यांनी चार वेळा मागवली. मलपृष्ठावरचा फोटो तीनदा बदलला. शेवटचा फोटो खिडकीबाहेर बघतानाचा होता.

दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांचं हस्तलिखित गाळीव स्वच्छ असे, समास मोकळा सोडलेला, प्रत्येक पानावर क्रमांक, खाडाखोड नाही. मी एकदा म्हटलं, बाई, आमचं काम फार सोपं करता तुम्ही. त्या म्हणाल्या, छापणारा हा पहिला वाचक, त्याला अडखळवून कसं चालेल? स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी, हे शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत.

आमच्या खात्यात एक आडाखा होता. स्वतःसाठी लिहितो म्हणणाऱ्या लेखकाचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या टायपात लावायचं, म्हणजे फोन येत नाही.

रिकामपण_अधिकारी
खिडकीबाहेर बघतानाचा! हसून हसून पुरेवाट. काका, वेगळा धागा काढाच.

भाग_सातशे_चाळीस
मालिका लिहिते. आमच्याकडे हा प्रश्न दर आठवड्याला आकड्यांच्या रूपात येतो, त्यामुळे हळवं व्हायला फुरसत नसते. पात्र लोकांना आवडलं नाही की ते परदेशी जातं. आवडलं की मेलेलंही परत येतं.

आणि हे आत्ताचं नाही. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं. त्याला त्या पात्राचा कंटाळा आला होता, ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. वाचकांनी काही ऐकून घेतलं नाही. शेवटी १९०३ मध्ये होम्स जिवंत असल्याचं जाहीर करावं लागलं. डॉयलला जे स्वतःसाठी लिहायचं होतं ते आज किती जण वाचतात? आणि जे लोकांनी त्याच्याकडून लिहवून घेतलं ते अजून चाललंय. लेखकाला आपलं चांगलं कशात आहे हे कळतंच असं नाही, हे मी चिडूनच म्हणतेय. माझ्याही खणात एक 'स्वतःसाठी'ची कादंबरी आहे. तिच्या एकशेवीस पानांत कोणी मरत नाही, कोणी परत येत नाही. ती मलाही वाचवत नाही.

घनगर्द
पण कादंबरीकार काफ्काचं काय? त्याने मित्राला, माक्स ब्रोडला, सांगून ठेवलं होतं की माझे सगळे कागद जाळून टाक. १९२४ मध्ये काफ्का गेला. ब्रोडने जाळले नाहीत, म्हणून १९२५ मध्ये 'द ट्रायल' छापून आली. ब्रोडने ऐकलं असतं तर ती कादंबरी फक्त काफ्कासाठीच राहिली असती. याहून शुद्ध उदाहरण कुठलं?

भाग_सातशे_चाळीस
जाळायचेच होते तर काडेपेटी त्याच्याकडेही असेल की! ब्रोडने तर आधीच सांगून टाकलं होतं की मी जाळणार नाही. जो जाळणार नाही त्यालाच जाळायला सांगणं, ही पटकथा माझ्या ओळखीची आहे.

घनगर्द
काडेपेटी होती आणि त्याने ती वापरलीही. बरंच लेखन त्याने हयातीत जाळलं. त्यामुळे त्याला नाटकी ठरवू नका.

कातळकोरा
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. त्याने जाळलं तसं छापलंही. 'मेटामॉर्फोसिस' १९१५ मध्ये, त्याच्या हयातीतच आलं. आणि 'द ट्रायल'चं पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवताना त्याला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं, असं ब्रोडनेच लिहून ठेवलंय. मला काफ्काचं हे हसणं फार आवडतं. आपण त्याला काळोख्या खोलीत एकटा बसवलेला असतो, आणि हा मित्रांपुढे वाचून हसतोय!

समास_सोडून
इथे सहसा फक्त वाचतो, पण हा धागा थेट घरात येऊन बसला.

वडील जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात सात वह्या मिळाल्या. प्रत्येकीच्या कव्हरवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ: "खाजगी. वाचू नये." वडील हयातभर कमी बोलले. ते लिहितात हे आईलाही माहीत नव्हतं.

आम्ही वाचल्या नाहीत. बहीण म्हणते वाचू, आई म्हणते नको, मी दोघींच्या मध्ये. पण वह्या पिशवीत भरताना एक घसरून पडली आणि पहिलं पान उघडलं. त्यावर अनुक्रमणिका होती. पट्टीने आखलेली. अनुक्रमांक, विषय, पान. विषयाच्या रकान्यावर मी हात ठेवला, उगाच नजर जायला नको म्हणून. पण पानांचे आकडे दिसले. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात क्रमांकही घातलेला.

'वाचू नये' म्हणणारा माणूस अनुक्रमणिका का करेल?

मुद्रितशोधक_निवृत्त
पट्टीने आखलेली ना? मग ती घाईत केलेली नाही.

शाईडाग
तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या वह्यांना अनुक्रमणिका नाही. करावीशी वाटली, हे इथे कबूल करते.

घनगर्द
इंग्लंडच्या सॅम्युएल पेपिसची आठवण झाली. १६६० ते १६६९ अशी जवळपास साडेनऊ वर्षं त्याने रोजनिशी लिहिली आणि तीही लघुलिपीत, म्हणजे घरात कोणी सहज वाचू नये. बाहेरख्याली वागणुकीचे तपशील तर लघुलिपीतच पण परदेशी शब्दांची भेसळ करून. कुलपावर कुलूप. आणि मग या माणसाने काय करावं? त्या रोजनिशीला नीट बांधणी करून घेतली, सहा खंड आपल्या तीन हजार पुस्तकांच्या संग्रहात ठेवले आणि तो संग्रह केंब्रिजच्या कॉलेजला जाईल अशी व्यवस्था केली. ती लघुलिपी शिकवणारं पुस्तकही त्याच संग्रहात होतं! शंभरावर वर्षं कोणाचं लक्ष गेलं नाही. १८२५ मध्ये पहिल्यांदा त्यातला भाग छापून आला.

किल्ली पायपुसण्याखाली ठेवून 'घरात कोणी नाही' अशी पाटी लावण्यातला प्रकार.

रिकामपण_अधिकारी
म्हणजे काफ्काने काडेपेटी मित्राला दिली आणि पेपिसने किल्ली कॉलेजला. शाईडाग, तुमच्या स्वेटरांबद्दल आता मला दाट संशय आहे.

दुपारची_झोप
सगळी उदाहरणं छापून आलेल्यांचीच कशी? ज्यांनी खरंच स्वतःसाठी लिहिलं आणि खरंच जाळलं, त्यांची नावं आपल्याला कळणारच नाहीत. बुडालेल्या माणसांना विचारता येत नाही म्हणून पोहणं सगळ्यांना येतं असं म्हणण्यासारखं आहे हे.

कातळकोरा
हा या धाग्यावरचा सगळ्यात नेमका प्रतिसाद. माझ्याकडे उत्तर नाही.

उंबरठा
मग माझं सांगते, मी त्या बुडालेल्यांतली.

नवरा आयसीयूत होता तेव्हा सतरा दिवस मी बाहेरच्या बाकड्यावर लिहीत होते. औषधांच्या बिलांच्या पाठीमागे. लिहीत होते म्हणजे काय, एकच शब्द ओळभर. मधेच एखादी शिवी. मधेच डॉक्टर काय म्हणाले त्याचा तुकडा, अर्धाच. पेन इतकं दाबलेलं की कागदाला पलीकडून उंचवटे. वाक्य एकही नाही. खोडलेलं काही नाही, कारण सुधारायचं कोणासाठी? घरी आल्यावर ते सगळं फाडून टाकलं. फाडण्याआधी एकदा बघितलं तर मलाच लागेना.

ते स्वतःसाठी होतं. शंभर टक्के. त्याला लेखन म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझं काम त्याने केलं. (नवरा बरा आहे, आत्ता शेजारी घोरतोय.)

पहिला_पाऊस
उंबरठा, मी 'कविता उतरते' वगैरे लिहिलं होतं ते आता जरा ओशाळवाणं वाटतंय. तुमच्या बिलांपुढे माझी पहिली ओळ फारच आवरून-सावरून आलेली असते. बहुधा दारातून आत येण्याआधीच तिने केस विंचरलेले असतात.

वापरापूर्वी_वाचा
पहिला_पाऊस, हे शेवटचं वाक्य छापा. स्वतःसाठी नको, आमच्यासाठी.

माजघर
बहिणाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही? त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. काम करता करता ओव्या सुचायच्या, त्या म्हणायच्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी काही उतरवून ठेवल्या म्हणून राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हातात पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. इथे लेखक स्वतःसाठी की वाचकांसाठी हा प्रश्नच गैरलागू होतो. वाचक ही कल्पनाच त्यांच्या समोर नव्हती. पण ऐकणारं कोणीतरी होतं. हातातलं काम होतं, कामाची लय होती. मला वाटतं हा सगळा घोळ लिहिणं एकांतात गेल्यामुळे झालाय. ज्ञानेश्वरीत पानोपानी श्रोत्यांशी बोलणं चालू आहे, त्यांना विनवणं, त्यांची स्तुती, माझ्या बोलण्याकडे लक्ष द्या म्हणणं. समोर माणसं बसलेली असली की कोणासाठी हा प्रश्न पडत नाही.

दुपारची_झोप
पण त्या ओव्यांतल्या किती वाऱ्यावर गेल्या असतील, उतरवून घेणारं जवळ नव्हतं तेव्हा? त्या कोणासाठी होत्या?

माजघर
हातातल्या कामासाठी. काम हलकं व्हायचं ना.

कातळकोरा
डायरीपुरतं बोलायचं तर नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँकचं उदाहरण बघा. एकाच डायरीत दोन्ही सापडतात, तेही तारखेनिशी. सुरुवातीची वही तिची स्वतःची, 'किटी' नावाच्या कल्पित मैत्रिणीला पत्रं लिहावीत तशी. म्हणजे शाईडाग, तुमच्यासारखंच, तिलाही कोणीतरी लागलंच. २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच मंत्र्याचं भाषण रेडिओवर झालं, की युद्धानंतर सामान्य लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा केली जातील. त्यानंतर तिने आपलीच डायरी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. काही गाळलं, काही जुळवलं, माणसांची नावं बदलायची यादी केली. चौदा-पंधरा वर्षांची होती. पकडली जाईपर्यंत ते काम चालू होतं. वडिलांनी १९४७ मध्ये पुस्तक काढलं.

दोन्ही पाठ आज उपलब्ध आहेत. खरा कोणता, असं मला विद्यार्थी विचारतात. मी त्यांना दोन्ही वाचायला देतो.

शाईडाग
मी एक प्रयोग केला. गेले आठ दिवस डायरीत कोणाची ओळख करून द्यायची नाही, काही समजावायचं नाही, खोडायचं नाही, असं ठरवून लिहिलं. उंबरठांसारखं जमतं का बघायला.

नाही जमलं. तिसऱ्या दिवशीची नोंद अशी आहे: "तेच. ती तेच म्हणाली. मी गप्प." आज वाचताना ती कोण हे आठवतंय, तेच म्हणजे काय तेही आठवतंय, पण मी गप्प का बसले ते गेलं. पाच दिवसांत गेलं! जुन्या वहीत "मला राग आला, पण तो तिच्यावरचा नव्हता" असं वाक्य सजवून ठेवलंय ना, तो राग मात्र सात वर्षांनीही जसाच्या तसा हाताला लागला. सजवताना मी विचार केला होता, एवढंच.

आणि उंबरठा, तुमच्यासारखं लिहायला कारणही तसं असावं लागतं. ते मागून आणता येत नाही, आणि आणूही नये.

रिकामपण_अधिकारी
नीलूताई इथे सदस्य आहेत का हे एकदा तपासून घ्या.

शाईडाग
आहे. कालच तिचा फोन आला. म्हणाली, माझं नाव बदलून दुसरं घालायचंस तरी. मी म्हटलं, हे बदललेलंच आहे.

समास_सोडून
परत आलो. शेवटी आईच म्हणाली की एक वही बघू, फक्त एक, आणि तूच बघ, मला सांगू नकोस. काल रात्री तिसरी वही उघडली.

त्यांच्या नोकरीतला एक प्रसंग होता, बदलीच्या वेळचा. अर्धं पान झाल्यावर मध्येच थांबून त्यांनी समासात लिहिलंय: "हे आधी पहिल्या वहीत पान ४१ वर येऊन गेले आहे. तेथे तारीख चुकली होती, येथील बरोबर समजावी."

मी बराच वेळ त्या 'समजावी' या शब्दाकडे बघत बसलो.

मुद्रितशोधक_निवृत्त
शुद्धिपत्र दिलंय त्यांनी. फार थोडे लेखक देतात.

माजघर
कोणी समजावी?

समास_सोडून
तेच.

भाग_सातशे_चाळीस
आणि पहिल्या वहीत पान ४१ वर काय आहे?

समास_सोडून
बघितलं. तारीख खरंच चुकलीय, पेन्सिलने दुरुस्त करून ठेवली. बाकी सांगत नाही, कव्हरवर 'वाचू नये' लिहिलंय.